मराठी लोकसाहित्य ओळखायचं आणि नोंदवायचं कसं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

घरातल्या, गावातल्या वयस्कर माणसांच्या तोंडी असलेल्या ओव्या, कहाण्या, म्हणी आणि कोडी लिहून ठेवावीत, असं अनेकांच्या मनात असतं. वही उघडली की पहिलाच प्रश्न अडवतो: यातलं लोकसाहित्य म्हणायचं कशाला? अभ्यासाची पुस्तकं उघडावीत तर लोकविद्या, लोकवाङ्मय, लोकतत्त्व, दैवतकथा, कल्पनाबंध असे शब्द एकामागून एक येतात आणि उत्साह मावळतो. हे शब्द कामाचे आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. सांगणारी आजी तिच्याकडच्या गोष्टीला ज्या नावाने ओळखते ते नाव आधी, अभ्यासकाने दिलेलं नाव नंतर. खालच्या पायऱ्या याच क्रमाने जातात.

पहिली पायरी: मोठे शब्द एकदाच नीट समजून घ्या

'फोकलोर' हा इंग्रजी शब्द विल्यम थॉम्स याने १८४६ मध्ये सुचवला. लंडनच्या 'अथेनियम' या नियतकालिकाला टोपणनावाने पत्र लिहून त्याने म्हटलं की जुन्या चालीरीती, समजुती, गाणी, म्हणी यांना मिळून एक नाव हवं. म्हणजे या शब्दाच्या पोटात सुरुवातीपासूनच केवळ साहित्य नव्हतं, रीतिभाती आणि श्रद्धाही होत्या. मराठीत गोंधळ होतो तो इथेच. आपण 'लोकसाहित्य' म्हणतो तेव्हा बहुतेकदा शब्दांत असलेलं तेवढंच डोळ्यांसमोर असतं: गाणी, कथा, म्हणी, उखाणे. त्यापलीकडचं, म्हणजे दारापुढची रांगोळी, नजर काढण्याची पद्धत, पाऊस कधी येणार याचे ठोकताळे, दुखण्यावरचा झाडपाला, हे सगळं धरायचं असेल तर 'लोकविद्या' हा शब्द जास्त सोयीचा. 'लोकवाङ्मय' हा लोकसाहित्याला जवळजवळ समानार्थी. 'लोकाचार' म्हणजे रीती, 'लोकश्रद्धा' म्हणजे समजुती, 'लोककला' आणि 'लोकनाट्य' यांचा अर्थ उघडच आहे.

आणि 'लोक' म्हणजे कोण? पूर्वी या शब्दातून खेड्यातली, न शिकलेली माणसं एवढाच अर्थ निघे. अमेरिकी अभ्यासक अ‍ॅलन डंडीस यांनी तो मोकळा केला: निदान एक गोष्ट समान असलेला कोणताही गट म्हणजे लोक. ती गोष्ट भाषा असेल, धंदा असेल, धर्म असेल. ही व्याख्या मला पटते, कारण तिच्यामुळे गिरणीकामगार, एसटीचे वाहक-चालक, वसतिगृहातली मुलं यांच्याकडचे किस्से आणि म्हणीही नोंदवण्याजोग्या ठरतात. लोकसाहित्य जुनंच असलं पाहिजे हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्या. जात्यावरच्या ओव्यांत राम-सीता आणि विठ्ठल-रखुमाई आहेत, तसे बाबासाहेब आंबेडकरही आहेत. विसाव्या शतकातला माणूस बायकांनी आपल्या ओवीत आणला, कारण ओवी तेव्हा जिवंत होती.

समोरची गोष्ट लोकसाहित्य आहे की नाही याची शंका आली तर तीन गोष्टी पाहा. ती तोंडातोंडी आली आहे का? सांगणाऱ्यागणिक ती थोडी बदलते का? आणि ती एकाची नसून आपल्या सगळ्यांची आहे असं त्या गटाला वाटतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त नोंद करा. काही गोष्टी सीमेवरच्या असतात. एकनाथांच्या भारुडाचा कर्ता माहीत आहे, तरी गावोगावचे भारूडकार त्यात आपल्या पदरचं घालून सोंग उभं करतात. लावणी-पोवाड्यांचंही तसंच: होनाजी बाळा, राम जोशी यांची नावं ठाऊक आहेत, पण फडावर गाताना शब्द हलतात. अशा वेळी वाद घालत बसू नका. कर्त्याचं नाव लिहा, आज कोण कसं सादर करतं तेही लिहा.

दुसरी पायरी: गोष्टीची जात ओळखा

गद्यातल्या गोष्टींचे तीन ढोबळ प्रकार जगभर मानतात, आणि ते ओळखण्याची खूण सांगणाऱ्याच्या मनात असते, गोष्टीत नसते.

देवांची, सृष्टीची, एखाद्या व्रताच्या किंवा स्थानाच्या उत्पत्तीची गोष्ट, जी सांगणारा पवित्र आणि खरी मानतो, ती दैवतकथा. मिथक हा शब्दही तिच्यासाठी वापरतात. खंडोबा आणि बाणाईच्या लग्नाची कथा धनगर समाजात या भावनेने सांगितली जाते. माणसांच्या काळात, ओळखीच्या ठिकाणी घडलेली, खरी मानलेली पण पूजेतली नसलेली गोष्ट म्हणजे दंतकथा. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा या प्रकारात बसते, आणि बुरुजाचं नाव तिला जागेशी बांधून ठेवतं. तिसरी लोककथा. ती खरी आहे असं कोणी म्हणत नाही. 'आटपाट नगर होतं' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, नकाशावर शोधायचं नाही.

पण हे 'आटपाट नगर' श्रावणातल्या कहाण्यांतही येतं, आणि नवखा माणूस इथे हटकून अडखळतो. कहाणी ऐकताना लोककथेसारखी वाटते. मात्र ती हातात अक्षता घेऊन, वाराप्रमाणे, व्रताचा भाग म्हणून ऐकायची असते. शेवटी 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' असं बजावलेलं असतं आणि 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हटल्याशिवाय ती पुरी होत नाही. तिला नुसती 'लोककथा' म्हणून वहीत टाकलं तर अक्षता, वार आणि वसा सगळंच गळून पडतं. म्हणून प्रकाराच्या रकान्यात 'कहाणी' हाच शब्द लिहा. आपल्याकडे नेमका शब्द असताना बाहेरचा साचा कशाला?

गोष्ट कोणत्या प्रकारची हे ठरत नसेल तर सांगणाऱ्यालाच विचारा, 'हे खरंच घडलं होतं का हो?' मिळालेलं उत्तर शब्दशः लिहून ठेवा.

तिसरी पायरी: स्थानिक नाव गोळा करा

एकच गोष्ट महाराष्ट्रात चार नावांनी वावरते, आणि कधी एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना असतं. नवरात्राच्या सुमारास मुली फेर धरून 'ऐलमा पैलमा गणेश देवा' म्हणतात त्याला पुण्याकडे भोंडला म्हणतात, दक्षिण महाराष्ट्रात हादगा. विदर्भ-खानदेशात भुलाबाई असते. तिची गाणी या गाण्यांना जवळची आहेत, पण ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसते आणि तिच्यासोबत भुलोजी असतो. तुम्ही सगळ्यांवर 'भोंडला' हे एकच नाव चिकटवलंत तर जळगावची बाई स्वतःची गाणी त्या नोंदीत ओळखणार नाही.

'उखाणा' हा दुसरा फसवा शब्द. आज बहुतेक ठिकाणी तो नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घेण्यासाठी वापरतात. जुन्या मराठीत आणि काही भागांत अजूनही उखाणा म्हणजे कोडं. कोकणाकडे कोड्याला हुमाण म्हणतात. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' हे दात आणि जिभेचं कोडं सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते घालताना तुमच्या गावात काय शब्द वापरतात ते वेगळं लिहून घ्या.

कलावंतांच्या बाबतीत नावाची चूक जास्त दुखावते. वासुदेव डोक्यावर मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारात येतो आणि दान पावल्याचं देवांच्या नावांनी सांगतो. गोंधळी संबळाच्या तालावर देवीचा गोंधळ घालतात. वाघ्या-मुरळी खंडोबाचं जागरण करतात. भराडी डौर वाजवतो. या परंपरा वेगवेगळ्या समाजांच्या आहेत, त्यांची वाद्यं आणि दैवतं वेगळी आहेत. सरसकट 'लोककलाकार' लिहून ठेवणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं आहे.

चौथी पायरी: गाणं कामासकट नोंदवा

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

जात्यावरची ओवी ही दळणाचं गाणं आहे. दोघी समोरासमोर बसत, खुंटा धरत, एकीने ओळ सुरू केली की दुसरी ती उचलत असे. जात्याच्या फेऱ्याला ओवीची लय बांधलेली. 'पहिली माझी ओवी' म्हणून देवाचं नाव घ्यायचं, मग माहेर, भाऊ, लेकरं, सासुरवास, पंढरीची वाट, जे मनात असेल ते. उजाडायच्या आधीची ती वेळ बाईची स्वतःची असायची. घरातले बाकीचे झोपलेले असताना मोठ्याने बोलता न येणारं ओवीतून बोलता यायचं. ज्ञानेश्वरीची ओवी हाही ओवीच म्हणवणारा छंद, पण त्या ग्रंथातल्या ओवीचे नियम या ओवीला लावू नका.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि दळण घराबाहेर गेलं. ओवी कोणी बंद केली नाही, तिचं काम गेलं. मोट गेल्यावर मोटेवरची गाणी गेली, मळणीयंत्र आल्यावर भलरी, म्हणजे शेतात मिळून काम करताना म्हणायची गाणी, ओसरली, तसंच हे. म्हणून आज आजीला खुर्चीवर बसवून 'ओवी म्हणा' म्हटलं तर ती दोन-चार म्हणून थांबते. तिला आठवत नाही असं नसतं, हाताला खुंटा नसतो. घरात जातं शिल्लक असेल तर मूठभर धान्य घेऊन बसा. समवयस्क जाऊ किंवा मैत्रीण समोर असेल तर फारच उत्तम, एकीच्या ओवीवर दुसरीला आठवत जातं. लग्नाआधीच्या घाण्याला, हळद दळताना अजूनही जातं मांडतात. तो प्रसंग साधा.

हे काम किती मोठं होऊ शकतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या मार्फत वर्षानुवर्षं संकलनं काढली. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यांतल्या बायकांच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेक आता गाणारीच्या नावागावासह आणि आवाजासह इंटरनेटवर ऐकायला मिळतात. सुरुवात करण्याआधी त्या जरूर ऐका. कान तयार होतो.

प्रत्येक नोंदीत म्हणून एवढं हवंच: हे केव्हा म्हणतात, काय करताना म्हणतात, कोणी म्हणायचं असतं आणि कोणी म्हणायचं नसतं. निषेधही लोकसाहित्यच असतात. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं सांगून आज्या मुलांना रात्रीपर्यंत थांबवत आल्या आहेत. तुम्ही दुपारी रेकॉर्डर घेऊन गेलात आणि आजीने गोष्ट सांगायला नकार दिला, तर तो नकार कारणासह वहीत लिहा आणि रात्री पुन्हा जा.

पाचवी पायरी: विचारायचं कसं

'तुम्हाला लोकगीतं येतात का?' असं विचारू नका. उत्तर 'नाही बाबा, आम्हाला कुठलं येतंय' असंच मिळेल, कारण लोकगीत हा शब्द त्यांचा नाही. 'आजी, जात्यावर बसल्यावर काय म्हणायचात?', 'मावशी, पाळण्यात बाळ रडायला लागलं की काय गायचात?', 'तात्या, या विहिरीला हे नाव कसं पडलं?' असं विचारा. वाटलं तर स्वतः एखादी अर्धवट गोष्ट सांगायला घ्या. चुकीची सांगितलीत की समोरून हमखास 'तसं नाही ते' येतं आणि खरी बैठक सुरू होते.

रेकॉर्डिंगआधी परवानगी मागा आणि ते कशासाठी आहे ते साध्या शब्दांत सांगा: घरात ठेवण्यासाठी, छापण्यासाठी की इंटरनेटवर टाकण्यासाठी. या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. एकीला दिलेला होकार दुसरीला लागू होत नाही. सासरच्या जाचाच्या ओव्या घरात ऐकवायला कोणाची हरकत नसेल, पण जगासमोर यायला असू शकते. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, आणि सुरुवातीलाच तारीख, गाव आणि म्हणणाऱ्याचं नाव मोठ्याने बोला, म्हणजे फाइलचं नाव पुसलं तरी ओळख राहते.

सहावी पायरी: उतरवताना हात आवरा

शुद्धलेखन सुधारण्याची सवय इथे बाजूला ठेवा. वऱ्हाडातली बाई 'डोया' म्हणाली तर 'डोया'च लिहा, 'डोळा' नव्हे. 'पानी' म्हटलं तर 'पानी'. स्वर लांबवला असेल तर अवग्रहाचं चिन्ह (ऽ) वापरा. शब्द कळला नाही तर कानाला जसा आला तसा लिहून पुढे प्रश्नचिन्ह करा. अंदाजाने नीटनेटका शब्द बसवलात तर तो चुकीचा शब्द पुढे कायमचा छापला जातो. अर्थ द्यायचा असेल तर तो खाली, वेगळ्या ओळीत.

सांगणाऱ्याची माहितीही मजकुराइतकीच मोलाची. नाव, अंदाजे वय, समाज सांगायची तयारी असेल तर तो, आणि कोणाकडून ऐकलं. बाईच्या बाबतीत माहेर आणि सासर दोन्ही गावं लिहा. मुली लग्न होऊन जातात आणि गाणी त्यांच्यासोबत जातात, त्यामुळे सोलापुरात नोंदवलेली ओवी मूळची बीडकडची असू शकते. या बाबतीत एक जुना दाखला मला फार आवडतो. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रेअर हिने दख्खनमधल्या कथा १८६८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या तिला तिची देखभाल करणाऱ्या आयाबाईने, अ‍ॅना लिबेराता डिसूझा हिने सांगितल्या होत्या, आणि मेरीने अ‍ॅनाचं नावच नव्हे तर तिची स्वतःची हकीकतही पुस्तकात छापली. त्यानंतरच्या कितीतरी संग्रहांत सांगणाऱ्या बायका निनावी राहिल्या. तसं आपल्या वहीत होऊ देऊ नका.

सातवी पायरी: पाठभेद जपा

चिऊ-काऊची गोष्ट दोन घरांत ऐका. काऊचं घर शेणाचं आणि चिऊचं मेणाचं, पाऊस येतो, काऊ दार ठोठावतो, आणि चिऊ 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे' म्हणत राहते, इथवर बहुधा जुळतं. पुढे काय होतं यावर घरं वेगळी होतात. कुठे चिऊ दार उघडते आणि काऊ पोळतो, कुठे तो भिजून परत जातो, हल्ली मुलांना सांगताना दोघांची मैत्रीही करून टाकतात. यातली 'खरी' कोणती, असं विचारण्यात अर्थ नाही. हे सगळे पाठभेद आहेत आणि प्रत्येक स्वतंत्र नोंदवायचा. दोन पाठ जोडून एक 'पूर्ण' गोष्ट तयार केलीत तर कोणीच कधी न सांगितलेली गोष्ट तुमच्या हातून जन्माला येते. अशा बनावट मालासाठी अमेरिकी अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी १९५० मध्ये 'फेकलोर' असा शब्द केला होता.

पाठभेद पुरेसे जमले की अभ्यासकांचे शब्द उपयोगी पडू लागतात. 'कथाप्रकार' म्हणजे पूर्ण कथेचा सांगाडा, 'कल्पनाबंध' म्हणजे तिच्यातला लक्षात राहणारा छोटा घटक, जसा बोलणारा पक्षी किंवा सावत्र आई. फिनलंडच्या अँटी आर्ने याने १९१० मध्ये कथाप्रकारांना क्रमांक देण्याची पद्धत घातली, पुढे स्टिथ थॉम्पसन याने आणि २००४ मध्ये हान्स-यर्ग उथर याने ती वाढवली. आपली 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' त्या सूचीत १२२ एफ (122F) या क्रमांकाखाली येते: जाड होऊन येईन तेव्हा खा, असं सांगून शिकार सुटते. भोपळ्यातून परतणारी म्हातारी बंगालमध्ये आहे, इराणमध्येही आहे. हा क्रमांक नोंदीच्या शेवटी लिहा. त्यामुळे दूरच्या माणसाला तुमची गोष्ट सापडते. पण तो ठाऊक नसेल तर नोंद अडवून ठेवू नका.

आठवी पायरी: नकोसं वाटणारंही लिहा

जातीवरून टोचणाऱ्या म्हणी, बायकांना कमी लेखणारे वाक्प्रचार, विधवेला अशुभ मानणारे संकेत, हे सगळं परंपरेत आहे. ते गाळून सुंदर तेवढंच ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं. नोंद करा, सोबत कोण कोणाला उद्देशून म्हणायचं ते लिहा. म्हण ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे तिला उलट उत्तर देणारी म्हणही पुष्कळदा असते, ती शोधा. मात्र अशी म्हण प्रसिद्ध करताना संदर्भाशिवाय सुटी सोडू नका.

तसंच मुरळी किंवा पोतराज यांच्याबद्दल लिहिताना रंग आणि ताल तेवढा टिपू नका. देवाला माणूस वाहण्याच्या प्रथेने किती आयुष्यं वाया गेली हे त्याच समाजांतल्या माणसांनी सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं गाण्याच्या शेजारीच हवं.

नववी पायरी: ठेवायचं कुठे

फाइलला गाव, सांगणाऱ्याचं नाव, प्रकार आणि तारीख अशा क्रमाने नाव द्या आणि सगळीकडे तोच क्रम ठेवा. एक प्रत फोनबाहेर, एक घराबाहेर. वहीतली पानं फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. मजकूर उतरवल्यावर मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका, कारण चाल आणि थांबे कागदावर येत नाहीत. गावातल्या वाचनालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एक प्रत द्यायची असेल तर सांगणाऱ्याची तशी परवानगी आहे का ते आधी पाहा.

शेवटचं काम टाळू नका: उतरवलेला मजकूर घेऊन सांगणाऱ्याकडे परत जा आणि वाचून दाखवा. वाचता येत असेल तर मोठ्या अक्षरांतली छापील प्रत द्या, नसेल तर रेकॉर्डिंग त्यांच्या नातवाच्या फोनवर टाकून द्या. ऐकताना त्या मध्येच थांबवून राहिलेली ओळ सांगतील, एखादं नाव दुरुस्त करतील, किंवा 'हे नको छापू' म्हणतील. त्या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी नोंदीत करा.